दीड फूट

लाकडाची कूस असून असून केवढी असेल, फार तर अर्धा इंच. फलकांच्या लाकडी दांड्या उचलताना ती मोजणीदाराच्या बायकोच्या उजव्या तळहातात, अंगठ्याखालच्या मऊ भागात शिरली होती, आणि सुतारसर फुटपाथच्या कडेवर बसून, चष्मा कपाळावर चढवून, चिमट्याने ती काढत होते. मोजणीदार रस्त्याच्या मधोमध मोजणीचं चाक घेऊन उभा होता. दुपारचे साडेबारा झाले होते. ऐकू यायचा प्रश्नच नव्हता, कारण तिथे कोणी बोलतच नव्हतं. त्याची बायको मोकळ्या डाव्या हाताने हवेत काहीतरी सांगत होती, सुतारसर मान न उचलता नजर तेवढी वर करून ते वाचत होते, आणि मग कूस निघाली आणि ती हसली. तोंड उघडून, मान मागे टाकून, मोठ्याने. डाव्या गालाला खळी पडली. मोजणीदाराला ती खळी ठाऊक होती, म्हणजे लग्नाच्या फोटोत होती. ती अजून तिच्या गालावर आहे आणि नेमाने पडते, हे मात्र त्याला कोणी कळवलं नव्हतं.

पालिकेच्या परवानगी कक्षात तो बावीस वर्षं होता. कोणाला मोर्चा काढायचा असो, धरणं धरायचं असो की नुसतं सह्यांचं टेबल मांडायचं असो, अर्ज त्याच्या टेबलावरून जायचा, मग हा चाक घेऊन जागेवर जायचा. दांड्याला लावलेलं ते चाक रस्त्यावरून ढकलत नेलं की किती फूट झाले ते वर आकड्यांत दिसतं. मंजूर आकडा आला की तिथे फक्कीची रेघ मारायची, मैदानावर मारतात तशी, चुन्याच्या पुडीची. रेघेच्या आत बसलं तर ते निदर्शन. पोलिसांनी उन्हात उभं राहून त्याची राखण करायची. रेघेच्या बाहेर बसलं की रस्ता अडवणं. त्याच पोलिसांनी त्याच माणसांना उचलायचं. हक्क कुठे संपतो आणि आडमुठेपणा कुठे सुरू होतो यावर शहाणी माणसं तासन्‌तास बोलतात, वर्तमानपत्रांचे रकाने भरतात. मोजणीदाराला विचारलं तर तो सांगायचा, इथे बारा फुटांवर, तिथे पंधरा. कचेरीत त्याला फूटपट्टी म्हणत, आणि खोटं कशाला बोला, त्याला ते आवडायचं. बावीस वर्षांत त्याची रेघ बोटभर इकडची तिकडे झाली नव्हती. मंत्र्याच्या मेव्हण्याच्या मोर्चासाठीही नाही.

आजची रेघ पंधरा फुटांची. कालपासून तीन दिवसांची परवानगी होती, बहिऱ्यांच्या शाळेची. शहरातली शाळा उचलून अठरा किलोमीटर बाहेर, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात न्यायचं घाटत होतं, आणि उद्या दुपारी पालिकेच्या सभेत त्याचा निकाल लागायचा होता. तोवर शाळेचे शिक्षक, जुने विद्यार्थी आणि पालक पालिकेसमोरच्या रस्त्यावर अर्ध्या भागात बसून राहणार, उरलेल्या अर्ध्यातून गाड्या जाणार. माणसं शाळेची ती शाळेचीच. बाराला उठायची, फुटपाथच्या सावलीत डबे खायची आणि एकच्या ठोक्याला पुन्हा चटईवर. आज ती उठली असताना रस्ता धुणारा टँकर आला आणि कोणाला काही न विचारता रेघ धुऊन गेला. म्हणून कचेरीतून मोजणीदाराला खाली पाठवलं होतं. पाच मिनिटांचं काम. आकडा त्याला पाठ होता.

त्याने चाक फुटपाथच्या कडेला लावलं आणि ढकलायला लागला, आणि पहिल्या फुटालाच त्याच्या मनात आलं की कूस घरीही निघाली असती. घरात सुई आहे, चिमटा आहे, त्याची नजरही अजून शाबूत आहे. पण घरी तिला कूस लागतच नाही. सहा वर्षांपूर्वी मुलगी लग्न होऊन गेली, घरात दोघांना चार खोल्या जास्त झाल्या, आणि ही एक दिवस म्हणाली, शाळेत कारकुनाची जागा आहे, जाऊ का. तो म्हणाला, जा की, वेळ जाईल. कारकून म्हणून गेली आणि तीन महिन्यांत हातांची भाषा शिकायला बसली. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्या होत असताना ही ओट्यापाशी उभी राहून बोटं वळवायची, आरशासमोर भुवया उडवायची. कारण त्या भाषेत चेहराही बोलावा लागतो, नुसते हात बोलले तर समोरच्याला ते सरकारी पत्र वाटतं, असं तिनेच सांगितलं. तो हसला होता. मग ती शिकली आणि तिने घरात सराव करणं बंद केलं. सहा वर्षांत तिच्या घरातल्या बोलण्याला ओहोटी लागली. गॅस संपत आलाय, नळाचा वायसर गेलाय, मुलीचा फोन आला होता. भांडण नाही, तंटा नाही. बोलायचं जे काही असेल ते ती दिवसभर हातांनी बोलून घरी येते आणि त्याच्यापुढे रिकामे हात घेऊन बसते, हे त्याला फार उशिरा कळलं.

त्या लोकांत प्रत्येकाला हातांचं एक नाव असतं. तोंडाच्या नावाचा त्यांना काय उपयोग. सुतारसर शाळेत सुतारकाम शिकवतात, स्वतः जन्मापासून बहिरे, त्यांचं नाव म्हणजे तळहातावरून दुसरी मूठ सरकवायची, रंधा मारल्यासारखी. तिचं नाव काय, असं त्याने एकदा सहज विचारलं होतं. तिने गालावर बोट टेकवून किंचित फिरवलं. म्हणजे काय, तर खळी. कोणी ठेवलं? सुतारसरांनी, ती म्हणाली आणि भाजी चिरायला लागली. झालं. कुणा परक्या माणसाने आपल्या बायकोच्या गालाकडे इतकं बघावं की तिथलं नाव काढावं, आणि तिने ते सहा वर्षं मिरवावं. मोजणीदार आंघोळीला गेला आणि बराच वेळ बादलीकडे बघत बसला.

चाकावर पाच आले. सहा. परवानगीच्या दिवशी सुतारसर त्याच्या टेबलासमोर बसले होते आणि त्यांच्या शेजारी दुभाषी म्हणून ती. सकाळीच जिने त्याचा डबा भरला ती अनोळखी बाईसारखी समोर बसली. दुभाष्याने बोलणाऱ्याच्या तोंडचंच बोलायचं असतं, 'ते म्हणतात' असं म्हणायचं नसतं, हा त्यांचा नियम. सुतारसरांचे हात हलले आणि त्याच्या बायकोच्या आवाजात उत्तर आलं, "मी पहिल्यांदाच असं काही करतोय. मला नियम समजावून सांगा." करतोय. कक्षातले दोघं तिघं खुसखुसले. त्याने अटींचा कागद वाचला. अट चार, ध्वनिक्षेपक वापरू नये. पुन्हा खुसखुस. ती हसली नाही. अट सात, तीनदा सूचना देऊनही न हटल्यास कारवाई होईल. सुतारसरांचे हात शांतपणे वर आले, आणि ती बोलली, "तुम्ही सूचना द्याल, पण मला ऐकू येणार नाही. माझ्या पोरांना ओरडणं कळत नाही. आमच्यातल्याच काही पोरी, जुन्या विद्यार्थिनी, म्हणतात, आत बसून कोण बघतं, पूर्ण रस्ताच अडवू. मी त्यांना कबूल करायला लावलंय की हद्दीतच बसायचं. म्हणून मला रेघ आखून द्या. ठळक. तुमची रेघ असेल तिथे मी थांबेन. माझा तुमच्यावर विश्वास आहे."

माझा तुमच्यावर विश्वास आहे. हे तिने त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं, कारण सुतारसर त्याच्या डोळ्यांत बघत होते. सत्तावीस वर्षांच्या संसारात हे वाक्य तिने एकदाही उच्चारलं नव्हतं. उच्चारायची वेळ आली नव्हती म्हणा. आणि आता उच्चारलं ते दुसऱ्या पुरुषाच्या वतीने. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला आणि त्याने परवानगीवर सही केली.

काल, पहिल्या दिवशी, रेघ मारून झाल्यावर सगळे तिच्या आत असे बसले की पायाची बोटंसुद्धा मागे. सुतारसर वाकून रेघेवरून नजर टाकत होते, फळी वाकडी आहे का बघावं तसे, एक डोळा मिटून. मग त्यांनी मोजणीदाराकडे पाहून दोन बोटं हवेत सरळ ओढली आणि तळहात छातीवर ठेवला. संध्याकाळी तिने सांगितलं, "तुम्हालाही नाव मिळालं बरं का. सरळ रेघ, आणि मग छातीवर हात. म्हणजे भरवशाचा." सांगताना ती खूश होती. तोही खूश झाला, नाही असं नाही, पण लगेच त्याच्या मनात आलं की हिचं नाव गालावर आणि माझं नाव चुन्यात. तो म्हणाला, "एवढं काय त्यात. पगार घेतो मी रेघा मारायचा." ती म्हणाली, "पण एक सांगा हं. रेघेच्या आत बसलेल्यांकडे कोणी बघितलं का आज? वर खिडक्यांत एक माणूस आला नाही. उद्या त्या पोरींनी माझं ऐकलं नाही तर मी त्यांना काय सांगू?" "कायदा सांग." "कायद्याने त्यांची शाळा राहते का?" तो म्हणाला, रस्ता अडला तर रुग्णवाहिका अडते, कामाला निघालेली माणसं अडतात, त्यांचं काय चुकलं. ती म्हणाली, "तेच सुतारसर म्हणतात. अगदी हेच." आणि त्याला आपलं म्हणणं बरोबर ठरल्याचा आनंद होण्याऐवजी चीड आली, की माझंही आता त्यांच्या तोंडून कळायचं होतं हिला.

बारा. तेरा. त्याने मान वर केली. कूस निघून गेली होती तरी हात अजून हातात होता. सुतारसर त्या जागेवर अंगठा दाबून धरत होते, रक्त थांबावं म्हणून असेल, आणि दुसऱ्या हाताने काही सांगत होते, आणि ती पुन्हा हसत होती. एक हात त्यांचा, एक हात तिचा, असं दोघं मिळून एकच माणूस बोलत असल्यासारखं दिसत होतं. मोजणीदाराचं चाक थांबलं. वर आकडा होता साडेतेरा. त्याने तो वाचला, नीट वाचला. पुढे म्हणून सांगायला त्याच्याकडे काही सबब नव्हती. चक्कर आली नव्हती, ऊन लागलं नव्हतं. त्याने फक्कीचा डबा उघडला आणि साडेतेरा फुटांवर रेघ मारली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, नेहमीसारखी सरळ. इतकी चांगली रेघ त्याने क्वचितच मारली असेल.

एकला लोक चटया घेऊन परतले. ती तेव्हा निवेदनाची प्रत द्यायला वरच्या मजल्यावर गेली होती. सुतारसर रेघेपाशी आले आणि थबकले. काल रेघ गटाराच्या लोखंडी झाकणाच्या वीतभर पुढे होती, आज झाकण रेघेच्या बाहेर पडलं होतं. त्यांनी झाकणाकडे बोट दाखवलं, वीत दाखवली, भुवया उंचावल्या. हे समजायला भाषा यावी लागत नव्हती. मोजणीदाराने डब्याचं झाकण लावलं, चाक खांद्यावर टाकलं आणि चालायला लागला. जिन्यावरून त्याने पाहिलं, सुतारसर खिशातून परवानगीचा घडी केलेला कागद काढून वाचत होते. मग त्यांनी आपली सुताराची टेप काढली, फुटपाथच्या कडेपासून पंधरा फूट मोजले, एकदा, दोनदा, आणि पुढची ओळ बरोबर तिथे बसवली. रेघेच्या दीड फूट बाहेर.

पुढचं त्याने पहिल्या मजल्याच्या खिडकीतून पाहिलं, हातात चहा होता. दीड फूट म्हणजे कितीसं. पण उरलेल्या रस्त्यात एक दुचाकी उभी होती, बस आली, तिला वळण मिळेना, तिच्यामागे गाड्या तुंबल्या. वाहतूक फौजदार आला. त्याने रेघ पाहिली, माणसं पाहिली, आणि कर्ण्यावरून सूचना दिली. एकदा, दोनदा, तीनदा, कायद्यात सांगितली तशी, खणखणीत आवाजात, पुढच्या ओळीतल्या अकरा बहिऱ्यांच्या पाठीला. त्यांच्यातल्या कोणी वळूनसुद्धा बघितलं नाही. मग पोलिसांची गाडी आली. सुतारसर फौजदाराला काही सांगायला उठले, आणि दोन शिपायांनी त्यांचे दोन्ही हात दोन्हीकडून धरले. मोजणीदाराला तेवढ्यात कळलं की आता ते बोलू शकत नाहीत. हात धरले की त्यांचं तोंड बंद होतं. ती जिन्यावरून धावत खाली आली तेव्हा गाडीचं दार लागत होतं, आणि ती बंद काचेसमोर उभी राहून हातांनी काहीतरी पुन्हा पुन्हा विचारत होती, आणि आतून उत्तर येत नव्हतं. मोजणीदाराला वाटलं, हे बरं वाटणं आहे. हेच हवं होतं आपल्याला. त्याने चहा संपवला. चहा गार झाला होता.

घरी ती रात्रीपर्यंत फोनवर होती. जेवताना म्हणाली, "सोडलंय त्यांना, पण उद्या दहाला मॅडमसमोर सुनावणी आहे. रेघ ओलांडली असं ठरलं तर गुन्हा नोंदवतील, उद्याची परवानगी रद्द, आणि सर निलंबित होतील. आणि सभेला सांगतील, बघा, ही रस्ता अडवणारी माणसं." मग म्हणाली, "त्या पोरी आता म्हणतायत, आत बसलो तरी उचलतात, मग आत कशाला बसायचं." त्याने मीठ मागितलं. तिने दिलं. "तुम्ही असाल ना तिथे? तुम्ही सांगा ना नीट. फौजदाराची काहीतरी गफलत झालीये. तुमच्या रेघेत चूक व्हायची नाही." तिने हे त्याच्याकडे बघून, स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या वतीने म्हटलं. त्याला कित्येक वर्षं हवं होतं ते हेच, आणि तो ताट उचलून मोरीकडे गेला.

मॅडम म्हणजे परवानगी कक्षाच्या प्रमुख. त्यांची खोली लहान, खिडकीला पडदा नाही, टेबलावर काच. सुतारसर खुर्चीच्या कडेवर बसले होते, कालचाच सदरा धुऊन घातलेला. दुभाषी म्हणून तीच. मॅडम म्हणाल्या, "नातं आहे हे मला माहीत आहे. पण या शहरात दुसरं कोण आहे ही भाषा येणारं? बाई, तुम्ही दोन्हीकडचं जसंच्या तसं सांगायचं. गाळायचं नाही, घालायचं नाही." ती म्हणाली, "हो." आणि ती मोजणीदाराच्या शेजारी, अर्धं पाऊल मागे, सुतारसरांना दिसेल अशी उभी राहिली.

"रेघ कोणी मारली?" "मी." "किती फुटांवर?" त्याने शेजारी पाहिलं. तिचे हात कमरेच्या वर, हवेत, त्याच्या वाक्याची वाट बघत थांबले होते. सहा वर्षांत ते हात त्याच्यासाठी असे कधी थांबले नव्हते. तो बोलेल ते आता ते हात बोलणार होते.

"पंधरा," तो म्हणाला. "परवानगीप्रमाणे. मी चाकाने मोजून मारली. हे लोक बाहेर बसले."

तिचं बोट तिच्याच छातीवर टेकलं. मी. मग पंधरा, मग चाक, मग रेघ. तिच्या चेहऱ्यावर ठामपणा होता, तो आणावाच लागतो. नाहीतर समोरच्याला खरं वाटत नाही. आणि सुतारसरांनी तिच्या हातांकडे पाहिलं, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांना ते खरं वाटलं. मोजणीदाराला ते समोर दिसलं. हातच त्यांच्या ओळखीचे होते. मग सुतारसरांचे हात हळू हलायला लागले, आणि मोजणीदाराच्या अगदी कानाशी त्याच्या बायकोचा आवाज आला.

"मग मीच चुकलो असेन. माझी टेप जुनी आहे, टोकाची पट्टी सैल झाली आहे. यांची रेघ चुकायची नाही. माझ्यामुळे माझ्या माणसांना पोलिसांच्या गाडीत बसावं लागलं. मला माफ करा."

आवाज थोडा कापत होता. तो कोणाचा कापत होता, सांगता येत नव्हतं. मॅडम लिहू लागल्या. मोजणीदार त्या लेखणीकडे बघत होता आणि त्याला एकदम आठवलं की साडेतेराचा आकडा त्याने वाचला होता, नीट, दोनदा. तो म्हणाला, "थांबा."

लेखणी थांबली.

"टेप बरोबर आहे यांची. रेघ साडेतेरावर होती. मी दीड फूट आत घेतली."

"म्हणजे चुकून?"

"नाही. बघून."

शेजारचे हात हलत नव्हते. मॅडम तिच्याकडे बघत होत्या. मग हात हलले. मी, आणि दोन बोटांची रेघ, आणि ती रेघ मागे ओढली. तिचं तोंड उतरलं होतं. ते त्याच्या वतीने उतरवलं होतं की तिचं तिचं उतरलं होतं, हे त्याला विचारता येणार नव्हतं.

"का?" मॅडमनी विचारलं.

खोटं अजूनही सांगता आलं असतं. बसला जागा हवी होती, वरून फोन होता, काहीही. पण ते हात पुन्हा हवेत थांबले होते, आणि त्यांच्या मागून सुतारसर त्याच्याकडे बघत होते, परवा रेघेकडे बघत होते तसेच, एक डोळा बारीक करून.

"यांच्या हातात माझ्या बायकोचा हात होता," मोजणीदार म्हणाला. "कूस काढत होते. ती हसली. मला ते बघवलं नाही."

मॅडम काही लिहिनात. ती उभी होती, आणि क्षणभर त्याला वाटलं की हे ती गाळेल. तिने गाळलं नाही. बोट छातीवर ठेवून तिने ते सगळं सांगितलं. हात, कूस, हसणं. 'बायको' म्हणताना ती अडखळली, मग गालावर बोट टेकवून फिरवलं, तिचं नाव. आणि शेवटी तिने डोळ्यांसमोरून हात असा काही ओढला की भाषा न येणाऱ्या मोजणीदारालाही कळलं, न बघवणं म्हणजे काय ते.

सुतारसरांनी एक लहानसं काही विचारलं. तिने उत्तर दिलं. त्यांनी मान हलवली, पुन्हा काही विचारलं, तिने पुन्हा सांगितलं. ती मोठ्याने काहीच बोलली नाही. मॅडम म्हणाल्या, "काय चाललंय? मला सांगा."

"हे नोंदीतलं नाही, मॅडम," ती म्हणाली. "हे माझ्याशी आहे."

मॅडमनी समोरचा कागद फाडला, नवा घेतला. गुन्हा नाही, म्हणाल्या, आजची परवानगी कायम, सभा दोनला आहे, जा, वेळ घालवू नका. आणि मोजणीदाराकडे न बघता म्हणाल्या, "चाक इथे ठेवून जा." सुतारसर उठले. ती दोघं दारापाशी उभी राहून अजून बोलत होती, घाईने, चार हात, कुणाचंच तोंड हलत नव्हतं. मोजणीदार टेबलाच्या अलीकडे उभा राहून बघत होता, आणि त्या सगळ्या हालचालीत त्याला एकच शब्द ओळखता आला. तिने दोन बोटं हवेत सरळ ओढली. त्याचं नाव. तो वाट बघत राहिला. तळहात छातीपर्यंत काही आला नाही. त्याच हाताने तिने दार उघडलं, सुतारसरांना पुढे जाऊ दिलं, आणि खाली लोक बसायची वेळ झाली होती म्हणून तीही गेली.